मोठ्या जाऊबाईंचे चार शब्द

आमच्या आमदारबाई यंदा पन्नाशीच्या झाल्या, म्हणून त्यांचा गौरव अंक निघणार आहे. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, पहिल्या पानावर मोठ्या लोकांच्या शुभेच्छा अन् मधल्या पानांवर तालुक्यातल्या सगळ्या दुकानदारांच्या जाहिराती. गुरुजींचा लेख आला, डॉक्टरांचा आला, बँकेच्या संचालकांचा तर न मागता आला. पंधरा दिवसांमागं माझी लेक शिवांजली स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली अन् म्हणली, "आई, काकूवर तूपण चार शब्द लिही की. घरच्या माणसानं लिहिलेलं लोक आवडीनं वाचतेत."

मी म्हणलं, "कावून? मी कशाला? तुझ्या काकाला सांग."

"काकाला लिहिता येतंय का?" ती हसली. "मी खाली टाकते, 'लेखिका आमदार कावेरीताईंच्या मोठ्या जाऊबाई आहेत.' चालंल ना?"

चालंल ना, म्हणे! इतकी वर्षं सगळं चालवूनच घेतलंय की मी.

तर लिहिते. पण आधीच सांगून ठेवते, मला कावेरीचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, लई वाटतो. तिची पांढरी गाडी गल्लीत वळली की माझ्या पोटात दुखायला लागतं अन् ती गाडी निघून गेली तरी थांबत नाही. ज्यांना गोडगोड वाचायचंय त्यांनी गुरुजींचा लेख वाचावा.

मी गंगासागर. माझं माहेर नांदूरघाट, केज तालुक्यातलं. कावेरीचं माहेर घाटनांदूर, ते अंबाजोगाईकडचं. देवानं गावांची नावं उलटीपालटी केली अन् नशिबंसुद्धा तशीच केली. मी बारावी पास. शाळेत वक्तृत्वात पहिला नंबर माझा, ढाल अजून माहेरच्या कपाटात आहे. कावेरी दहावीला गणितात गेली ती गेलीच. आमच्या सासऱ्यांचं, मन्मथप्पांचं, बाजारात भुसार मालाचं आडत दुकान. तूर, हरभरा, सोयाबीन. मोठा मुलगा विश्वेश्वर, म्हणजे आमचे हे, गादीवर बसले की दिवस मावळेपर्यंत चार वाक्यं बोलत नाहीत. धाकटा रवि, कावेरीचा नवरा. त्याला कॉलेजापासून पुढारपणाचा नाद. दुकानात त्याचा पाय कधी टिकला नाही.

कावेरी लग्न होऊन आली तेव्हा दाराआड उभी राहायची. पाहुण्यांना पाणी दे म्हणलं तर तांब्या माझ्या हातात देऊन मागं सरकायची. भाकरी मी शिकवली. अप्पांच्या पूजेचं ताट कसं लावायचं, बेल कुठल्या बाजूला, भस्माची वडी कुठं, हे मी शिकवलं. एकच खोड होती तिला. दारात कुणी आलं, दूधवाली, कासारीण, कुणीही, की ही तिच्यापाशी उकिडवी बसायची. "तुमच्या लेकीला कुठं दिलंय? जावई काय करतो? म्हैस व्याली का?" आत माझा तवा करपायचा अन् ही बाहेर कासारणीच्या सासूचं दुखणं विचारत बसायची. मला वाटायचं, कामचुकार आहे. आता त्यालाच पेपरात दांडगा जनसंपर्क म्हणतात.

मला दोन मुलं झाली, दोन्ही पोरगेच. सगळे म्हणले, झालं, बास. पण मला लेक पाहिजे होती. कुणाशी तरी बोलायला, नटवायला, माझ्यासारखी स्टेजवर उभी करायला. कपिलधारच्या यात्रेला गेलते तेव्हा स्वामींच्या समाधीपाशी डोकं टेकवून मी दुसरं काही मागितलं नाही. शिवांजली झाली. घरात कुणी पेढे वाटले नाहीत, मी स्वतः वाटले. कावेरीला एकच मुलगा. तो आता पुण्यात कंपनीत आहे अन् दिवाळीला आला तर आला.

आता २०१६ वर येते, कारण माझं जे काही जळतंय ते तिथूनच.

रविभाऊजींनी नगराध्यक्ष व्हायची वर्षानुवर्षं तयारी केलती. गणपतीला, नवरात्राला, कुणाच्या वाढदिवसाला, जिथं तिथं त्यांचा हात जोडलेला फ्लेक्स. अन् आरक्षणाची सोडत निघाली तर आमच्या गावचं नगराध्यक्षपद महिलेला! भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बसवलं. अप्पा, आमचे हे, भाऊजी, अप्पांचे मित्र वकीलसाहेब. कावेरी कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. मी चहा घेऊन आले तर अप्पा म्हणले, "दोन सुना हायत माझ्या. मोठी शिकलेली हाय, बोलती हाय. गंगा उभी राहील."

खरं सांगते, हातातला ट्रे खाली ठेवायचं मला भान राहिलं नाही. मनात मी साडीसुद्धा काढली, मोरपंखी इरकल, अन् भाषणाचं पहिलं वाक्यही जुळवलं. वकीलसाहेबांचा चहा पिऊन होईपर्यंत मी गावची नगराध्यक्ष होते.

मग कप खाली ठेवून ते म्हणले, "पण मोठ्या सूनबाईंना लेकरं तीन हायत ना?"

कायदाच तसा आहे. दोन हजार एकच्या सप्टेंबरनंतर तिसरं लेकरू झालं तर नगरपालिकेला उभं राहता येत नाही. शिवा त्याच्या पुढच्या वर्षीची. माझे दोन्ही मुलगे अडचणीचे नव्हते, माझी लेक अडचणीची होती. अप्पांनी कपाळावरचं भस्म पुसलं, परत लावलं. मग म्हणले, "एक करता येईल. कावेरीला एकच हाय. शिवा कावेरीची म्हणून दाखवू. कागदापुरतं. पोरगी कुठं जाणार हाय? याच घरात राहणार, तुझ्याच ताटात जेवणार."

असं करणारे लोक मी पाहिलेत. लेकरू भावाच्या नावावर, मेव्हण्याच्या नावावर, अन् आपण खुर्चीवर. कुणाला त्यात काही वाटत नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले. आमचे हेसुद्धा, जे कधी वर बघत नाहीत.

मी म्हणलं, "न्हाई. माझी लेक मी कागदावरसुद्धा कुणाला देणार न्हाई."

"विचार कर, गंगा."

"केला."

कोपऱ्यातून कावेरी हळूच म्हणली, "अक्का बरोबर बोलतेत." मोठी आली बरोबर बोलतेत म्हणणारी! तिचा रस्ता मोकळा होत होता, ती दुसरं काय म्हणणार? अप्पांनी मान हलवली अन् म्हणले, "मग कावेरी." बस, एवढंच. बाजारात एका पोत्यावरचा हात काढून दुसऱ्या पोत्यावर ठेवतात तसं. मी रिकामे कप उचलले अन् आत आले. आतल्या खोलीत शिवा नववीचा अभ्यास करत होती. मी तिच्या केसांत तेल घातलं अन् तिला काही सांगितलं नाही.

निवडणुकीचं तिचं पहिलं भाषण कुणी लिहून दिलं, विचारा. मी! रात्रंदिवस पाठ करून घेतलं तिच्याकडून. "माझ्या मायबाप मतदारांनो" पासून शेवटच्या "जय शिवा, जय महाराष्ट्र" पर्यंत. मारुतीच्या पारावर पहिली सभा. मी बायकांत पुढं बसले होते. ही उभी राहिली, माइक धरला, दोन वाक्यं म्हणली अन् थांबली. विसरली. मी खालून ओठ हलवून पुढचं वाक्य सांगत होते, पण तिचं माझ्याकडं लक्षच नाही. मला मनातून, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. म्हणलं, आता कळंल सगळ्यांना कोण उभं राहायला पाहिजे होतं.

तर ही काय म्हणावी? "मला पुढचं आठवत न्हाई. मी पाठ करून आलते. जाऊ द्या. तुमीच सांगा तुमची अडचण, मी ऐकते." अन् माइक खाली ठेवून पारावरच बसली, उकिडवी, जशी कासारणीपाशी बसायची तशी. आधी लोक हसले, मग एक बाई उठली, मग दुसरी. सभा संपता संपेना. माझं भाषण विसरली म्हणून ती निवडून आली, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पाठ म्हणली असती तर पडली असती. हे गौरव अंकात छापतील का नाही, माहीत नाही.

पहिलं वर्षभर नगरपालिका भाऊजींनीच चालवली. कावेरी सही करायची अन् घरी येऊन माझ्याबरोबर पापड लाटायची. तेवढं एक वर्ष मला सुखाचं गेलं. म्हणलं, खुर्ची मिळाली पण बसता येईना. मग आला उन्हाळा.

आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं, उन्हाळ्यात पंधरा दिवसांवर जातं. एक दिवस सकाळी खालच्या आळीच्या बायका रिकाम्या घागरी वाजवत आमच्या दारात आल्या. भाऊजी बीडला गेलते. कावेरी बाहेर गेली, ऐकलं, पायात चपला घातल्या अन् त्यांच्याबरोबर टाकीकडं चालायला लागली. तिथं व्हॉल्व्ह सोडणारा तानाजी. त्याला तिनं एवढंच विचारलं, "पहिलं पाणी कुठं सोडता?" तो खाली मान घालून म्हणला, "वरच्या आळीला." वरची आळी म्हणजे पुढाऱ्यांची, व्यापाऱ्यांची. म्हणजे आमची. "शेवटी कुठं?" "खालच्या आळीला, उरलं तर." ही म्हणली, "आजपासून उलटं करा. वरच्या आळीला शेवटी." अन् व्हॉल्व्हची चावी तिनं घागरवाल्या बायकांच्या हातात दिली.

पेपरात फोटो आला. कावेरी, बायका अन् ती चावी. गावभर वाहवा. अन् आमच्या घरी? पुढच्या खेपेला आमच्या नळाला पाणी आलंच नाही. अप्पा अंघोळ करून लिंगपूजा केल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाहीत. म्हातारा माणूस कोरड्या बादलीपाशी बसून राहिला. मग मागच्या गल्लीतल्या हापशावरून घागरी कुणी आणल्या? ह्या मोठ्या जाऊबाईंनी! एक डोक्यावर, एक कमरेवर. वाटेत लोक मला म्हणायचे, "वहिनी, तुमच्या जाऊबाईनं काय काम केलं हो!" मी म्हणायचे, "हो ना." दुसरं काय म्हणणार, घागर डोक्यावर असताना?

त्यानंतर भाऊजी तिच्या खुर्चीत बसायला गेले नाहीत. पुढं मुदत संपली, नगरपालिकेवर प्रशासक बसला, तिची खुर्ची गेली. मी म्हणलं, सुटले. कसलं काय! लोक प्रशासकाकडं जाईनात, आमच्याच दारात यायला लागले. कुणाच्या म्हाताऱ्याचं निराधारचं काम, कुणाच्या पोरीचा शाळेचा प्रवेश. कावेरी ओसरीवर बसून ऐकायची अन् आतून चहा यायचा. चहा आपोआप येतो असं सगळ्यांना वाटायचं.

अन् शिवा. शिवा कॉलेजातून यायची ती बॅग टाकून ओसरीवर. काकूचा फोन धर, काकूची चिठ्ठी लिही. मी हाक मारली की "आले" म्हणायची अन् यायची नाही.

मग आमदारकी. पक्षाची माणसं बीडहून आली, म्हणली घरातून नाव द्या. त्याच्या आदल्या आठवड्यात वकीलसाहेब सहज बोलता बोलता म्हणलेते, की आमदारकीला लेकरांची अट नाही. तीन असू द्या नाही तर सात. मी ते ऐकलं अन् मनात धरून बसले. एवढी वर्षं मला वाटत होतं दार बंद आहे, अन् त्याच्या शेजारचं मोठं दार उघडंच होतं! दुपारी सगळे जेवायला बसले होते. मी वाढत होते. वांग्याच्या भाजीचं पातेलं हातात, तसंच उभं राहून मी म्हणलं, "आमदारकीला लेकरांची अट न्हाई. मी उभी राहते."

आमचे हे ताटातल्या मिठाकडं बघत राहिले. भाऊजींना हसू आलं, ते त्यांनी पाण्याच्या पेल्यात लपवलं. अन् अप्पा, ज्यांनी मला एकदा बोलती, शिकलेली म्हणलं होतं, ते म्हणले, "गंगे, भाजी वाढ."

मी वाढली. काय करणार? सगळ्यांना वाढली.

एकटी कावेरी हसली नाही. हात धुवायला उठली तेव्हा स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन म्हणली, "अक्का, तुमी खरंच उभ्या राहा. मी गावोगाव फिरते तुमच्यासाठी." मी म्हणलं, "तुझी दया ठेव तुझ्यापाशी." अजूनही मला कळत नाही, ती मनापासून बोलली का जखमेवर मीठ चोळायला आलती. अन् मनापासून बोलली असंल तर ते जास्त झोंबतं.

निवडून आली. मिरवणुकीत जेसीबीच्या तोंडातून फुलं उधळली, गुलालानं गल्ली लाल. मोठी जाऊ म्हणून पहिलं औक्षण मी केलं. ती सगळ्यांसमोर वाकून माझ्या पाया पडली. फोटोवाल्यांनी धडाधड फोटो काढले. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला, तर फोटोत कावेरी वाकलेली, कपाळावर कुंकू, डोळ्यांत पाणी. अन् कडेला एक तबक अन् मनगटापर्यंत माझा हात. बांगड्यांवरून ओळखला मी.

हे सगळं मी गिळलं. म्हणलं, खुर्ची गेली, भाषण गेलं, फोटो गेला, जाऊ दे. ज्यासाठी सोडलं ती तर माझी आहे.

आहे का पण?

शिवा शिकली, वकिलीची परीक्षा दिली अन् काकूबरोबर हिंडायला लागली. कधी मुंबई, कधी बीड, कधी पाटोद्याला कुणाच्या लग्नात. "आम्ही काल अधिवेशनात होतो," म्हणते. आम्ही म्हणजे ती अन् काकू. आम्ही म्हणजे ती अन् मी, असं मी तिच्या तोंडून ऐकलेलं आठवत नाही. ओढणी काकूसारखी खांद्यावर पिन लावून घेते. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत काकूसारखी मान तिरकी ठेवते. हसणंसुद्धा तिचंच. लोक तिला छोट्या ताई म्हणतात. येत्या नगरपालिकेला आमच्या प्रभागातून ती उभी राहणार, हे मला घरात कळलं नाही, किराणा दुकानात कळलं.

अन् मागच्या सोमवारी बाजारात गेले. चौकात भलामोठा फ्लेक्स. एका बाजूला कावेरी, एका बाजूला माझी शिवा, दोघींचे हात जोडलेले. खाली लाल अक्षरांत, हाताएवढ्या अक्षरांत, "आमदारकन्या शिवांजलीताई."

मी मेथीच्या जुड्या पिशवीत घालत होते. भाजीवाली बाई नवी होती, पाटोद्याकडून आलेली, मला ओळखत नव्हती. फ्लेक्सकडं बघून म्हणली, "बरी हाय पोरगी. आईवर गेलीय." अन् बोट कावेरीच्या फोटोकडं. मी मेथी परत केली. ती विचारायला लागली, काय झालं, ताजी तर हाय. मी सरळ घरी आले.

शिवा आरशासमोर केस बांधत होती. मी म्हणलं, "त्या चौकात काय लिहिलंय तुझं?"

"काय?"

"आमदारकन्या! कुणाची कन्या तू?"

"अगं, कार्यकर्त्यांनी छापलं. मला विचारलं न्हाई कुणी." मग तोंडात पिन धरूनच म्हणली, "पण मतं पडतेत त्यानं, आई. राहू दे की."

राहू दे की! माझ्या अंगाचा भडका उडाला. म्हणलं, "तुला माहिती हाय का, मी काय सोडलंय तुझ्यासाठी? ह्या घरात पहिलं नाव माझं निघालतं. तुला कागदापुरतं काकूच्या नावावर करायला सांगत होते. मी कागदावरसुद्धा दिली न्हाई तुला! अन् तू फ्लेक्सवर जाऊन बसलीस तिच्या नावानं?"

"माहिती हाय," ती म्हणली. "मी आतल्या खोलीत होते. सगळं ऐकलं होतं."

तिनं केसांना शेवटची पिन लावली, माझ्याकडं वळली. रागात नव्हती हो ती. रागात बोलली असती तर मी दोन लावून दिल्या असत्या.

"दिलं असतंस ना आई तेव्हा," ती म्हणली. "नुसता कागदच तर होता. तू खुर्चीत बसली असतीस, अन् मी आयुष्यभर तुझ्यामागं फिरले असते."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. ती गेली.

मी पलंगावर बसले. त्या दिवशी घरात दुपारचा चहा झाला नाही. ओसरीवर आलेल्या लोकांनी वाट बघितली अन् निघून गेले. पोरीला उत्तर द्यायला मी अजून शब्द शोधतेय. वक्तृत्वात पहिला नंबर माझा, अन् मला शब्द सापडंना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कावेरी आली. गाडी नाही, कार्यकर्ते नाहीत, एकटी. स्वयंपाकघरात येऊन खाली बसली, तिच्या जुन्या जागेवर, अन् माझ्यापुढची लसूण ओढून सोलायला लागली. आमदार लसूण सोलतेय! मी भाकरी थापत राहिले.

"अक्का, चौकातला फ्लेक्स उतरवला," ती म्हणली.

"शिवानं सांगितलं उतरवायला?"

ती थोडी घुटमळली. खोटं तिला बोलता येत नाही, राजकारणात जाऊनसुद्धा. "न्हाई. शिवा म्हणली राहू द्या. मीच उतरवायला लावला. दुसरा छापायला टाकलाय. तुमचं अन् शिवाच्या वडलांचं नाव घालून."

बघा आता. माझी लेकसुद्धा मला तिनं परत दिली. देणारी तीच अन् घेणारी मी. तव्यावरची भाकरी करपली अन् मी ती तशीच करपू दिली. मला ओरडावंसं वाटलं, की बाई, एखादी गोष्ट तरी वाईट कर! एखादं तरी असं कर की मला तुला मनसोक्त शिव्या घालता येतील. पण तिनं लसूण सोलून संपवली, हात धुतले अन् जाताना म्हणली, "तुमी लिहिताय ना अंकात? मला लई आनंद झाला, अक्का."

तर हे लिहिलं. चार शब्द मागितले होते, जास्त झाले. कावेरी आमदार चांगली आहे. पाणी खालच्या आळीला आधी सोडते अन् समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबते. दोन्ही गोष्टी मला जमल्या नसत्या, असं लोक म्हणतील. म्हणू द्यात. मला संधीच कुठं मिळाली, ते सांगायला पाहिजे होतं, सांगितलं. तिला दीर्घायुष्य लाभो. माझा हेवा तिच्याइतकाच जगणार आहे, त्याची कुणी काळजी करू नये.

आता शिवा, तुला. छापायच्या आधी तू हे वाचशील, वाचून खोडशील, मला ठाऊक आहे. व्हॉल्व्हचं ठेव, औक्षणाचं ठेव, बाकीचं काय काढायचं ते काढ, काकूला वाईट वाटंल म्हणून काढ. पण खाली ते "आमदारांच्या मोठ्या जाऊबाई" टाकू नको. जाऊबाई मी ह्या घरात आल्यापासून आहेच, त्याला छापायला कशाला पाहिजे? खाली एवढंच टाक: गंगासागर, शिवांजलीची आई.

अन् अक्षरं जरा मोठी घे. कागदावर तरी असू दे.